गिरगावातली तेरेझा

आज १५ ऑक्टोबर. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १९३१ सालचा जन्मदिवस म्हणून महाराष्ट्र हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. गिरगावात याच तारखेला आणखी एक स्मरण असते. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर, खोताच्या वाडीजवळ, ज्या वास्तूला सगळे गिरगाव ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणते, ते संत तेरेझाचे चर्च आहे. ही तेरेझा कोण, हे रोज तिथून जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. काहींना वाटते, कोलकात्याच्या मदर तेरेसा. काहींना वाटते, फ्रान्समधली लिझ्यूची ‘छोटी तेरेझा’. पण छोट्या तेरेझाचाही जन्म १८७३चा आणि गिरगावातले हे चर्च मुळात अठराव्या शतकातले. ही आहे स्पेनमधल्या आविलाची तेरेझा, अनवाणी कार्मेलाईट संघाची संस्थापक. इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून काढले आणि इथल्या ख्रिस्ती समाजाची धुरा याच कार्मेलाईट साधूंच्या हाती दिली. गिरगावच्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या ओठांवर तिचे नाव कित्येक पिढ्यांपासून आहे. त्यांच्या शेजारच्या चाळींतून राहणाऱ्या आपल्यासारख्यांनीही ते समजून घ्यावे, म्हणून आजचा हा लेख.

तिच्या मृत्यूची तारीखही विलक्षण आहे. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री तिने देह ठेवला. त्याच रात्री स्पेनमध्ये जुनी कालगणना संपली आणि नवी सुरू झाली. मधले दहा दिवस गळाले आणि दुसरी सकाळ उजाडली ती थेट १५ ऑक्टोबरची.

वाचनाशी तिचे नाते जिव्हाळ्याचे आणि दुःखाचे होते. लहानपणापासून ती पुस्तकांत रमणारी. प्रार्थनेला बसतानाही हाताशी पुस्तक नसले तर तिचा जीव घाबरा होई. १५५९ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने बंदी घातलेल्या ग्रंथांची यादी काढली. लॅटिन न येणारी सामान्य माणसे, विशेषतः स्त्रिया, ज्या आध्यात्मिक पुस्तकांवर जगत होत्या ती लोकभाषेतली कितीतरी पुस्तके एका फटक्यात हिरावली गेली. तेरेझाला लॅटिन येत नव्हते. ती व्याकूळ झाली, आणि त्या व्याकुळतेतच तिला प्रभूचे आश्वासन ऐकू आले की तो स्वतःच तिचा जिवंत ग्रंथ होईल. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांची गोष्ट ज्या भाषेत आईच्या मांडीवर ऐकायला मिळते, त्या भाषेच्या वाचकाला हा प्रसंग उलगडून सांगावा लागू नये. पुढे तिने स्वतःच पुस्तके लिहिली, तीही बोलल्यासारख्या साध्या स्पॅनिशमध्ये. मनाच्या आतल्या निश्चलतेविषयी तिने लिहिले आहे, तितक्या खरेपणाने फार थोड्यांनी लिहिले असेल.

त्या खरेपणाची सुरुवात तिच्या अपयशापासून होते. विशीत मठात गेलेली ही बाई जवळजवळ वीस वर्षे प्रार्थनेत कोरडी राहिली. प्रार्थनेचा नेमलेला तास कधी संपतो आणि घड्याळाचे ठोके कधी पडतात, याकडेच आपले कान लागलेले असत, असे तिने उघडपणे नोंदवून ठेवले आहे. ध्यानाला डोळे मिटताच विजेचे बिल, मुलाची फी आणि सोसायटीची मीटिंग आठवणाऱ्या आजच्या माणसाला संतांपैकी कुणाचा आधार वाटावा, तर तिचा.

प्रार्थना म्हणजे बागेला पाणी देणे, अशी तिने कल्पना केली आणि पाणी देण्याच्या चार रीती सांगितल्या. पहिली, विहिरीतून पोहऱ्याने शेंदून. हात भरून येतात, आणि कधी कधी विहिरीलाच पाणी नसते. दुसरी, रहाटाने. कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरी, नदीचे किंवा ओढ्याचे पाणी पाटाने बागेत खेळवून. माळ्याला फक्त वाट करून द्यायची असते. आणि चौथी म्हणजे पाऊस. तिथे माळ्याच्या हाताला कामच उरत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गिरगाव-लालबागला आलेल्या घरांना यातली प्रत्येक रीत आजोळच्या आगरातून ठाऊक आहे.

या चार रीतींमध्ये तेरेझाची सारी शिकवण आहे. निश्चलता हे साधकाच्या मेहनतीचे बक्षीस आहे, असे ती मानत नाही. पाऊस आणणे माळ्याच्या हाती नाही. पण पाऊस येईल या भरवशावर ज्याने पोहराच उचलला नाही, त्याची बाग तोवर करपलेली असते. म्हणून शेंदत राहायचे, आणि शेंदलेल्या पाण्याचा अभिमान धरायचा नाही. दुसऱ्या पाण्यापाशी माणसाची इच्छाशक्ती शांत होते, देवापाशी टेकते; बुद्धी आणि कल्पना मात्र इकडेतिकडे भटकतच असतात. त्यांना पकडायला धावू नका, असा तिचा अनुभवी सल्ला आहे. धावणारा स्वतःच आपली शांतता घालवून बसतो. मन पूर्ण रिकामे झाल्याशिवाय शांती नाही, या समजुतीने खचलेल्या कितीकांना हे ऐकून हायसे वाटेल. शांत व्हायचे असते ते ‘माझेच खरे, माझ्याच मनासारखे’ म्हणणाऱ्या हट्टाने. डोक्यातली वर्दळ चालू असली तरी चालते.

बाहेरच्या वर्दळीचेही तसेच. गिरगावात निवांतपणा शोधणे कठीण. रस्त्यावर गाड्यांची दाटी, खालून आता मेट्रो, आणि जुन्या चाळी पाडून उठणाऱ्या इमारतींचा दिवसभराचा दणदणाट. तेरेझाने मठ स्थापले तेही गावांच्या भर वस्तीत. देव स्वयंपाकघरात भांड्याकुंड्यांतही वावरतो, असे ती आपल्या भगिनींना सांगे. तिच्याच संघातला ब्रदर लॉरेन्स पुढच्या शतकात पॅरिसच्या मठाच्या मुदपाकखान्यात वर्षानुवर्षे राबला. पायाने अधू असलेला हा साधा माणूस सांगत असे की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही. जनाबाईच्या जात्याशी विठ्ठलाला बसवणाऱ्या महाराष्ट्राला हा माणूस परका वाटणार नाही.

इथवर सगळे गोड आहे. पण शरणागती हा शब्द उच्चारला की एक अवघड प्रश्न येतो, आणि मध्य मुंबईत तर तो टाळताच येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले. परळ-लालबागच्या हजारो घरांची चूल विझली ती पुन्हा नीट पेटलीच नाही. अशा घरात जाऊन ‘सारे देवावर सोपवा’ म्हणणे सोपे असते, आणि बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याचे स्वतःचे काही गेलेले नसते. ज्यांनी सोसायचे त्यांनाच सोसण्याची महती सांगायची, हा प्रकार सर्व धर्मांत झाला आहे. ख्रिस्ती धर्मातही झाला आहे. आमच्या मते ही शरणागतीची विटंबना आहे. आत्म्याने काहीच करू नये, नुसते निष्क्रिय पडून राहावे, अशा अर्थाची शिकवण देणाऱ्या मिगेल दे मोलिनोसला खुद्द रोमने १६८७ साली दोषी ठरवले. त्याच्यावर झालेला अन्याय किती आणि न्याय किती, यावर अभ्यासक वाद घालतात. पण निष्क्रियता आणि शरणागती यांत अंतर आहे, हे त्या परंपरेलाही जाणवले होते.

तेरेझाच्या चरित्रात ते अंतर स्पष्ट दिसते. तिचे आजोबा मूळचे ज्यू; ख्रिस्ती झाल्यावरही ज्यू रीती पाळल्याच्या आरोपावरून त्यांना टोलेडोत धर्मन्यायालयाची शिक्षा झाली होती. तिचे आत्मचरित्र त्याच न्यायालयाने ताब्यात घेतले. निश्चलता शिकवणाऱ्या या बाईला पोपच्या स्पेनमधल्या प्रतिनिधीने अस्वस्थ, भटकी आणि आज्ञा न मानणारी बाई ठरवले. सात दालनांच्या आतल्या किल्ल्यावरचे तिचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक १५७७ साली लिहिले गेले, ते याच विरोधाच्या धुमाळीत. ते पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच तिचा तरुण सहकारी योहान, ज्याला जग क्रूसाचा संत योहान म्हणून ओळखते, त्याला त्याच्याच संघातल्या जुन्या मताच्या लोकांनी पकडून टोलेडोच्या मठातल्या कोंदट खोलीत डांबले. जवळजवळ नऊ महिने तो तिथे होता. त्या अंधारात त्याने स्पॅनिश भाषेतल्या सर्वोत्तम कवितांपैकी काही रचल्या. आणि मग ऑगस्ट १५७८ मध्ये चिंध्यांचा दोर करून तो खिडकीतून उतरून पळाला. देवाला सर्वस्व वाहिलेला माणूस कोठडी मात्र सोडून पळतो, यात कोणाला विसंगती वाटत असेल तर त्याने थोडा विचार करावा. शरण तो देवाला गेला होता, कोठडीला कुलूप लावणाऱ्यांना नव्हे.

याचे मराठी उदाहरण गिरगावापासून हाकेच्या अंतरावर आहे. ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडले, बालविधवांसाठी. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पण तिथल्या धर्मभगिनींनी मुकाट मान तुकवण्याची अपेक्षा धरली, तेव्हा त्यांनी पत्रांतून ठणकावले की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी आपल्याला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, याची जाणीव झाली आणि मग त्यांनी स्वतःला पूर्णपणे त्याच्या स्वाधीन केले, हे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. त्या स्वाधीनतेनंतरच्या रमाबाई पाहा. दुष्काळातून अनाथ मुली उचलून आणणाऱ्या, केडगावला मुक्ती सदन उभारणाऱ्या, प्लेगच्या काळात पुण्यातल्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवरून सरकारवर जाहीर टीका करणाऱ्या. आणि अखेरपर्यंत हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत बसलेल्या. कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे, हा त्यांचा आग्रह होता. तेरेझापासून जी पुस्तके हिरावली गेली, तशीच पुस्तके एका मराठी बाईने इतर बायांच्या हातात ठेवली. वाचन प्रेरणा दिनी शाळाशाळांतून रमाबाईंचे नाव घेतले जायला हवे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा उल्लेख इथे राहून चालणार नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ९ मे १९१९ रोजी याच शहरात देह ठेवला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भावना. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. शरणागतीने त्यांनाही मिशनच्या चौकटीत स्वस्थ बसू दिले नाही.

तेरेझाच्या किल्ल्यातले सातवे दालन सर्वांत आतले. जीव आणि देव यांचे मीलन तिथे होते. तिथे पोहोचलेल्याने काय करायचे, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर अनेकांना गोंधळात टाकते. कामे, असे ती सांगते. याच कामांसाठी प्रार्थना आहे. प्रभूच्या पायाशी बसलेली मरिया आणि घरात राबणारी मार्था, दोघी एकत्र असल्याशिवाय त्याचे आदरातिथ्य होत नाही.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर देशभरातून आलेली कुटुंबे फाइल उशाला घेऊन झोपतात. ‘आता त्याच्या हातात’ हे वाक्य तिथे रोज, अनेक भाषांत, पूर्ण मनापासून उच्चारले जाते, आणि ते म्हणणारा माणूस पहाटे उठून नंबर लावायला रांगेत उभा राहतो. या लोकांना शरणागती शिकवायची कोणालाही गरज नाही. त्यांना लागते ती झोपायला जागा, दोन वेळचे जेवण आणि कोणत्या खिडकीवर जायचे हे सांगणारे माणूस. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा हे काम करते. या शहरातल्या प्रत्येक देवळाने, चर्चने, मशिदीने आणि अग्यारीने आपल्या आवारातल्या चार खाटा त्यांच्यासाठी काढाव्यात. गिरगावच्या तेरेझाचा आजचा सण त्याच्या सुरुवातीला अगदी योग्य आहे.