घरातला व्यवहार आणि प्राप्तिकर

जळगावची डाळगिरणी असो वा धुळ्याची तेलगिरणी, खानदेशातील पुष्कळसा उद्योग हा घराचा उद्योग असतो. गिरणी वडिलांची, गोदाम मुलाचे, आडत भावाची. या तिघांतील देणेघेणे चोख असेल, तर त्यात गैर काहीच नाही. प्रश्न उद्भवतो तो गोदामाचे भाडे बाजारभावाऐवजी कराच्या दरावर नजर ठेवून ठरू लागले म्हणजे.

हे ओळखूनच १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९६८ साली कलम ४०-अ घालण्यात आले. नातलगाला दिलेली रक्कम बाजारभाव, धंद्याची गरज व पदरी पडलेला लाभ पाहता अवाजवी ठरली, तर तेवढ्यापुरती वजावट नाकारण्याचा अधिकार करनिर्धारण अधिकाऱ्यास मिळाला. २०२५ च्या नव्या कायद्यानेही हे तत्त्व राखले आहे. ज्याचा कर पगारातूनच कापला जातो, त्या शिक्षकाला वा कारकुनाला या तरतुदीमागील न्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि तिची रचना निर्दोष नाही. समजा, वाजवी भाडे २ लाख असता वडिलांनी मुलाला ३ लाख दिले. वरचा १ लाख वडिलांच्या नफ्यात मिळवला जातो; मुलाने मात्र पूर्ण ३ लाखांचा हिशेब द्यायचा. एकाच लाखावर दोनदा कर! दोघेही एकाच दराने कर भरत असतील, तर सरकारचे मुळात बुडाले काय? शिवाय डाळीचा भाव बाजार समितीत कळतो. भावाने केलेल्या देखरेखीचा मोबदला कशाशी ताडून पाहावयाचा? प्रामाणिक व्यवहारांना जाच होऊ नये, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९६८ च्या परिपत्रकातच बजावले होते. पुढे २०१२ साली मोठ्या रकमांच्या अशा व्यवहारांवर दर सिद्ध करण्याचे कागदी ओझे लादले गेले. ५ कोटींची मर्यादा २०१५ मध्ये २० कोटींवर नेण्यात आली आणि २०१७ मध्ये ही देणी त्या जाळ्यातून वगळावी लागली.

गंमत अशी की १९६१ च्या कायद्यातील व्याख्येनुसार व्यक्तीचे नातलग म्हणजे पती वा पत्नी, भाऊ, बहीण आणि सरळ रेषेतील पूर्वज व वंशज. मेहुणा आणि पुतण्या त्यात बसत नाहीत. आपल्याकडील पेढ्यांत मात्र ते गल्ल्यावर बसतात.

तेव्हा अवाजवी रक्कम देणाऱ्याच्या नफ्यात मिळवताना तीच घेणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा करण्याची तरतूद हवी. दरांतील तफावतीचा लाभ उठवणारा त्यातही सापडेल. केवळ नात्यापायी दुहेरी कर भरणारा सुटेल.