वीज आहे, वाट नाही

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाणे-नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल रुळांवरच थांबल्या, सिग्नल बंद पडले, रुग्णालये जनरेटरवर गेली, मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षांचा बोजवारा उडाला. करोनाकाळामुळे लोकलमध्ये तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी होते, हे त्यातल्या त्यात नशीब. एरवीच्या सोमवारी दोन स्थानकांच्या मध्ये किती लाख माणसे अडकली असती, याचा हिशेब न केलेलाच बरा. पुढच्या मार्चमध्ये चिनी हॅकरांची बातमी आली. राज्य सरकारने घातपाताची शंका बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. या वादाला राजकीय रंग चढला आणि त्या गदारोळात साधा मुद्दा मागे पडला. त्या दिवशी देशात विजेचा तुटवडा नव्हता. मुंबईपर्यंत ती पोहोचवणाऱ्या वाटा मात्र मोजक्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक कळवा-खारघरच्या एकाच टापूतून जात होत्या.

त्या सकाळी झाले ते थोडक्यात असे. पडघे आणि पुण्याच्या बाजूने कळवा-खारघरकडे येणाऱ्या 400 केव्हीच्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद पडलेल्या होत्या. त्यांचा भार उरलेल्या वाहिन्यांवर आला. दहाच्या सुमारास उरलेली महत्त्वाची वाहिनीही बाहेर पडली आणि सगळा डोलारा कोसळला. एक वाहिनी बंद पडणे ही वीजक्षेत्रातली नित्याची बाब आहे. कुठे चिनीमातीचा इन्सुलेटर फुटतो, कुठे तार तुटते, कुठे झाडाची फांदी लागते. एक वाहिनी गेली तरी ग्राहकाला त्याचा पत्ता लागू नये, याचसाठी पारेषणाचे नियोजन असते. या क्षेत्रातील लोक त्याला ‘एन उणे एक’ म्हणतात. जाळ्यातला कोणताही एक घटक निखळला, तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियोजन-निकषांत हे नमूद आहे. कागदावर मुंबईही या निकषात बसत होती. पण हा हिशेब करताना बाकी सगळे ठणठणीत आहे असे धरलेले असते. प्रत्यक्षात एखादी वाहिनी दुरुस्तीसाठी काढलेली असते, दुसरी आदल्या रात्री ट्रिप झालेली असते, आणि तेव्हा तिसरी जाते.

मग मुंबईचे प्रसिद्ध ‘बेट’ कुठे गेले? बाहेरचे जाळे कोसळले की शहराने त्यापासून स्वतःला तोडून घ्यायचे आणि तुर्भे, डहाणू आणि सह्याद्रीतल्या जलविद्युत केंद्रांच्या भरवशावर तग धरायचा, ही ‘आयलँडिंग’ची व्यवस्था ऐंशीच्या दशकापासून मुंबईत आहे. तिने शहराला अनेकदा वाचवले. त्यामागे जुनी परंपराही आहे. 1915 मध्ये खोपोलीच्या पाण्यावर तयार झालेली वीज परळच्या गिरण्यांना मिळू लागली, तेव्हापासून मुंबईची वीज ही मुंबईची स्वतःची वीज होती. टाटांच्या तिन्ही जलविद्युत केंद्रांची मिळून क्षमता सुमारे 447 मेगावॉट, तुर्भ्याची 930, डहाणूची 500. बेरीज दोन हजारांच्या आतच राहते. शहराची उन्हाळ्यातली कमाल मागणी आता चार हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक वीज बाहेरून आणावीच लागते. 2020 च्या त्या सकाळी बेट उभे करण्याचा प्रयत्न झाला. पण आतली निर्मिती आणि आतला भार यांचे गणित जुळले नाही, फ्रिक्वेन्सी घसरली आणि संच एकामागून एक बंद पडले. आयलँडिंग हा आणीबाणीचा दरवाजा होता. आपण मात्र वर्षानुवर्षे त्यालाच भक्कम भिंत समजलो. ‘मुंबईत वीज जात नाही’ या अभिमानाने नव्या वाहिन्यांची निकड कुणाला जाणवू दिली नाही, हे त्याचे सगळ्यात मोठे नुकसान.

विक्रोळीच्या उपकेंद्राची कथा हेच सांगते. मुंबईच्या हद्दीत 400 केव्हीचे एकही उपकेंद्र नाही आणि ते हवे, हे नियोजनकर्त्यांना फार आधी कळले होते. खारघर-विक्रोळी वाहिनी आणि विक्रोळीचे उपकेंद्र दशकभर कागदावरच राहिले. आधी ते काम टाटांकडे होते. जागेचा तिढा सुटेना, मंजुऱ्या लांबल्या, खर्च वाढला. शेवटी ते स्पर्धात्मक निविदेवर गेले आणि जून 2020 मध्ये अदानी समूहाच्या कंपनीकडे आले. म्हणजे अंधार पडला त्याच्या जेमतेम चार महिने आधी. वाहिनी सुरू झाली ऑक्टोबर 2023 मध्ये. आज तिच्यामुळे सुमारे हजार मेगावॉट जादा वीज शहरात आणता येते. ही वाहिनी वेळेत उभी राहिली असती, तर 2020 ची ती सकाळ टळलीच असती असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मुंबईकडे आणखी एक वाट नक्कीच असती.

दुसरी वाट उत्तरेकडून. वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंत सुमारे 80 किलोमीटरची, त्यातली जवळपास 50 किलोमीटर जमिनीखालून जाणारी, एक हजार मेगावॉटची उच्चदाब एकदिश वाहिनी. या कामाचा परवाना 2021 मध्ये दिला गेला. निविदा न काढता नामनिर्देशनाने काम का दिले, असा आक्षेप टाटांनी घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयाने राज्य वीज नियामक आयोगाचा निर्णय कायम ठेवला. सुमारे सात हजार कोटी रुपयांचे काम स्पर्धेविना द्यावे का, हा प्रश्न रास्तच होता आणि तो विचारला गेला हे चांगलेच झाले. पण ‘आता निविदेला वेळ नाही’ ही सबब ज्या घाईतून येते, ती घाई आधीच्या दहा वर्षांच्या चालढकलीने जन्माला घातलेली असते. उशीर झाला की स्पर्धेला फाटा देण्याची पळवाट आपोआप उघडते. वेळेत केलेले नियोजन ग्राहकाच्या खिशालाही वाचवते, ते असे.

याहून मोठा फास वेगळाच आहे. वाहिनी दुरुस्त करायची तर ती बंद ठेवावी लागते, आणि तिची क्षमता वाढवायची असली तरी बंद ठेवावी लागते. त्याच मनोऱ्यांवर जुन्या तारा उतरवून उच्च तापमान सोसणाऱ्या नव्या तारा चढवल्या, तर तीच वाहिनी दीडपट-दुप्पट वीज वाहू शकते. नवी जमीन लागत नाही, नवे मनोरे लागत नाहीत. दाट वस्तीच्या प्रदेशात यासारखा सोयीचा उपाय नाही. पण काम चालू असताना तिचा भार दुसऱ्या वाहिनीने उचलायला हवा. तिथेच शिल्लक क्षमता नसेल, तर शटडाऊन मिळत नाही. शटडाऊन नाही म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते, दुरुस्ती नाही म्हणून वाहिनी कमजोर होते, आणि नको त्या दिवशी नको त्या वेळी ती स्वतःच बंद पडते. सुधारणा करण्यासाठीसुद्धा हाताशी काहीतरी शिल्लक असावे लागते. ती शिल्लक संपल्यावर जागे होणारे नियोजन फार उशिरा जागे झालेले असते.

देशाने याचा धडा 2012 मध्ये घेतला होता. 30 आणि 31 जुलैला आधी उत्तरेचे आणि मग उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही विभागांची जाळी कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशात वीज गेली. दोन्ही दिवशी ठिणगी पडली ती बिना-ग्वाल्हेर या 400 केव्हीच्या वाहिनीवर. या मार्गावरची दुसरी वाहिनी तेव्हा बंद होती आणि तिच्या बंद असण्याचे कारण होते ती 765 केव्हीवर नेण्याचे काम. म्हणजे क्षमता वाढवण्यासाठी घेतलेला शटडाऊनच जाळ्याच्या दुबळेपणात भर घालून गेला. राज्यांनी वाट्याहून जास्त वीज ओढली, रिलेने भार आणि बिघाड यांतला फरक ओळखला नाही, ही कारणे होतीच. पश्चिम विभाग त्या दोन दिवसांत वाचला. त्यानंतर 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर या 765 केव्ही वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. राष्ट्रीय जाळे मजबूत झाले. शहरांच्या वेशीवरची शेवटची पन्नास किलोमीटर मात्र तशीच अरुंद राहिली.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पारेषणाचा प्रत्येक रुपया अखेर बिलात येतो. गरज नसलेली वाहिनी उभी केली तर पुढची पस्तीस वर्षे तिचे ओझे ग्राहक वाहतो. म्हणून नियामक आयोगाने प्रत्येक प्रस्तावाची चिरफाड करावी, ग्राहक संघटनांनी जाब विचारावा, मागणीचे फुगवलेले अंदाज फेटाळून लावावेत. पण चिरफाडीलाही मुदत हवी. आयोगाने नाकारले तर त्या निर्णयावर कुणाची तरी सही असते आणि त्याबद्दल प्रश्न विचारता येतो. सहा खात्यांत फिरत राहिलेल्या फाइलीवर मात्र कुणाचीच सही नसते, म्हणून तिचा जाब कुणी देत नाही.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मनोरा उभारताना जमीन संपादित होत नाही. वीज कायद्यातल्या तरतुदीनुसार तार कायद्यातले 1885 चे अधिकार वापरून मनोरा शेतात उभा राहतो आणि सातबारा शेतकऱ्याच्या नावावरच राहतो. 400 केव्हीच्या वाहिनीखाली सुमारे 46 मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्यात ज्वारी पिकते, सोयाबीन येते, पण आंब्याचे किंवा सागाचे झाड वाढवता येत नाही, घर बांधता येत नाही, आणि जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक तारांकडे बघून भाव पाडते. केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी किमतीच्या 85 टक्के आणि पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के मोबदला होता. जून 2024 मध्ये तो अनुक्रमे 200 आणि 30 टक्के झाला. बदल योग्य दिशेने आहे. पण मोबदल्याचा दर ठरल्यावरही किंमत कोणत्या रेडीरेकनरने धरायची, यावर तहसील कचेरीत वर्ष जाते. शेतकरी काम अडवतो तेव्हा त्याला विकासविरोधी ठरवण्याची घाई होते. त्याने मागितलेला हिशेब निविदा काढण्याआधीच तयार का नव्हता, हे मात्र कुणी विचारत नाही. किनाऱ्यावरही तेच. कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. खाडी ओलांडणारी वाहिनी आखताना हे ठाऊक असूनही तो वेळ वेळापत्रकात धरला जात नाही, आणि मग न्यायालयामुळे काम रखडले अशी ओरड होते.

यापुढे घड्याळ आणखी वेगाने धावणार आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, त्याची वीज वाहून नेणाऱ्या वाहिनीला चार-पाच वर्षे लागतात. राजस्थानात भर दुपारी तयार होऊ शकणारी सौर वीज वाहिन्यांअभावी बंद ठेवावी लागते, हे आता बातमीतही बसत नाही. कच्छच्या खावड्याहून नागपूरला सहा हजार मेगावॉट आणणारी एकदिश वाहिनी ठरली आहे. इकडे तुर्भे आणि डहाणूचे कोळशाचे संच जुने झाले आहेत. मुंबईच्या हवेसाठी ते एक दिवस बंद करावेच लागतील. तो दिवस उजाडण्याआधी बाहेरच्या वाटा आणि आतला पर्यायी आधार, मग तो बॅटऱ्यांचा असो वा उदंचनाच्या धरणांचा, दोन्ही तयार हवेत. एकाच्या जोरावर दुसऱ्याला सुट्टी देण्याची चूक बेटाच्या बाबतीत करून झाली आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. राज्य वीज नियामक आयोगाने दर सहा महिन्यांनी प्रत्येक मंजूर वाहिनीचा तक्ता मराठीत प्रसिद्ध करावा. मूळ तारीख, आजची तारीख, फाइल कोणत्या कार्यालयात, किती दिवसांपासून, एवढे चार रकाने पुरेत. जमिनीचा दर आणि वन व कांदळवनाच्या परवानग्यांचा आराखडा ठरल्याशिवाय निविदा निघू नये. दुरुस्तीच्या शटडाऊनचे वार्षिक वेळापत्रक करताना एक वाहिनी बंद असताना दुसरी गेली तर काय, ही परीक्षा सक्तीची करावी. आयलँडिंगची चाचणी दरवर्षी व्हावी आणि तिचा निकाल लपवला जाऊ नये. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. लागतो तो न झालेल्या कामाचा हिशेब वेळेवर मांडण्याचा धीर. आयोगाने पहिला तक्ता येत्या सहा महिन्यांतच काढावा. त्यात कुणाकुणाची कार्यालये दिसतात ते पाहूनच पुढच्या चौकशी समितीचे निम्मे काम आधीच होऊन जाईल.