पट, अंतर आणि हद्द

निवडणुकीची चाहूल लागली की नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात पहिला वाद पेटतो तो गट-गणांच्या रचनेचा. कोणते गाव कोणत्या गटातून काढले, कोणता तांडा कुठे जोडला आणि त्यात कुणाची मते फुटली, हा हिशेब चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतो. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती घेतल्या जातात, सुनावण्या होतात. याच तालुक्यात आणखी एक हद्द आखली जाते आणि तिच्यावर हरकत नोंदवायला कुठलीच तारीख नसते. कोणत्या वस्तीच्या मुलाने कोणत्या शाळेत आणि कुणाच्या शेजारी बसायचे, हे ठरवणारी ती हद्द. अमेरिकेत ती गल्लीबोळांसह नकाशावर असते, म्हणून निदान दिसते. आपल्याकडे ती अंतरात असते, पटसंख्येत असते आणि शाळा कोणत्या खात्याची आहे यात असते. ती आखणाऱ्याला त्या वस्तीत पुन्हा मत मागायला यावे लागले पाहिजे, एवढेच मला या आठवड्यात मांडायचे आहे. आणि ते वाटते तितके सोपे नाही.

अंतराची गोष्ट आधी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने नियमांत दुरुस्ती केली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेवर ही सक्ती नाही. वाचायला हे निरुपद्रवी वाटते. पण कोणत्याही शहराच्या नकाशावर सरकारी शाळांभोवती एकेक किलोमीटरची वर्तुळे काढून पाहा. बहुतेक खासगी शाळा त्यांत सापडतात. म्हणजे मजुराच्या मुलाने वर्तुळातल्या सरकारी शाळेत जायचे आणि पैसेवाल्याच्या मुलाने त्याच वर्तुळातल्या खासगी शाळेत. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि 19 जुलैला ती रद्दच केली. खासगी शाळा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथेही ऑगस्टमध्ये त्यांची दाद लागली नाही. निकाल चांगला झाला. परंतु राज्यभरातल्या लाखो मुलांची बाके बदलणारी ती रेघ एका अधिसूचनेने आखली गेली, आणि एकाही जिल्हा परिषदेला त्याबद्दल विचारले गेले नव्हते. न्यायालय चुकीची रेघ पुसू शकते. बरोबर रेघ आखून देणे हे त्याचे काम नव्हे.

किनवटच्या डोंगराळ भागात मात्र या 25 टक्क्यांना फारसा अर्थ नाही, कारण जिथे खासगी शाळाच नाही तिथे राखीव जागा कसली? तिथली हद्द पट ठरवतो. 2023 च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने पानशेत आणि तोरणमाळचा दाखला देत 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात 14 हजारांहून अधिक, त्यांतली मुले पावणेदोन लाखांच्या वर. पुढे 15 मार्च 2024 च्या निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याचे, निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच जातील अशी भीती पसरली. शाळा बंद करण्याचा आदेश न काढताही शाळा बंद होते ती अशी. आधी गुरुजी जातात, मग पालक दाखले काढतात, मग पट आणखी घटतो आणि तोच घटलेला पट पुढच्या निर्णयाचा पुरावा ठरतो. कागदावरचे अंतर पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन. कोलाम पोडावरून निघालेल्या सात वर्षांच्या मुलीला मध्ये नाला आहे की जंगल, हे त्या आकड्याला ठाऊक नसते.

तिसरी हद्द खात्यांची, आणि माझ्या मते सगळ्यांत खोल तीच. गोंड, कोलाम, आंध, प्रधान मुलांसाठी आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा. काही आदिवासी मुले नामांकित योजनेतून दूर शहरातल्या इंग्रजी निवासी शाळेत. तांड्यावरच्या बंजारा मुलांसाठी विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा, त्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे. उरलेल्यांना शालेय शिक्षण विभागाची जिल्हा परिषद शाळा, आणि ज्याला परवडते त्याला किनवट शहरातले इंग्रजी माध्यम. वेगवेगळे बसवा असे कुणीही म्हटलेले नाही, उलट प्रत्येक योजनेमागे कळकळ होती. जिथे घरी दोन वेळचे जेवण अवघड, तिथे निवासी शाळेने पिढ्या शिकवल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही शेजारच्या दोन वस्त्यांमधली मुले दहावीपर्यंत एका बाकावर येत नाहीत, कारण त्यांची शाळा त्यांच्या प्रवर्गाच्या खात्याने ठरवली आहे. आणि या खात्यांना एकत्र बसवणारे टेबल तालुक्यात कुठे आहे?

ते टेबल जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असू शकले असते. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, इमारती तिच्या, 1961 च्या कायद्याने विषय समितीही दिलेली. पण फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या नांदेड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाच्या हाती आला. समूह शाळांचे पत्र आणि संचमान्यतेचा निर्णय हे दोन्ही याच काळातले. त्या वेळी सभागृहात हात वर करायला एकही सदस्य नव्हता. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात हे खरे. पण तिने शाळा विकास आराखडा करायचा, पोषण आहारावर लक्ष ठेवायचे. शाळा राहणार की जाणार, हा प्रश्न तिच्या अधिकारात येतच नाही.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. स्थानिक म्हणजे गावातला बलदंड; त्याच्या हाती हद्द दिली तर तो ती आपल्या वाड्यापासून सुरू करील. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावाविषयी काढलेले कठोर उद्गार याच अनुभवातून आले होते. परदेशातला दाखलाही आक्षेपाच्या बाजूने जातो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात वेक काउंटीने 2000 पासून कोणत्याही शाळेत गरीब मुलांचे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी हद्दआखणी ठेवली होती. 2009 ची शाळा मंडळाची निवडणूक ‘आपल्या भागातली शाळा’ या मुद्द्यावर फिरली आणि नव्या बहुमताने 2010 मध्ये ते धोरण मोडले. पण ही गोष्ट इथे संपत नाही. 2011 मध्ये मतदारांनी ते बहुमतही घालवले. लोकांनी चूक केली आणि दोन वर्षांत लोकांनीच ती पालटली. अधिसूचनेच्या बाबतीत ही सोय नसते. शिवाय 73 व्या घटनादुरुस्तीनंतरची पंचायत 1948 च्या गावासारखी नाही. राखीव जागांमुळे तिच्यात निदान आवाज तरी मिसळलेले असतात. आणि 25 टक्के, भेदभावाला बंदी यांसारखी किमान रेघ कायद्याने वरूनच आखलेली असावी, यात मला शंका नाही. त्या रेघेच्या आतली आखणी कुणी करायची, इतकाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. बारा मुलांच्या एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसतात आणि तांड्याच्या शाळेत तांड्याचीच मुले असतात. मग समूह शाळेनेच ही सरमिसळ होणार नाही का? होऊ शकते. आंध, बंजारा आणि बौद्ध वस्तीची मुले एका शाळेत आली तर मी त्या एकत्रीकरणाच्या बाजूने उभा राहीन. परंतु मग ती शाळा तिन्ही वस्त्यांच्या मध्ये हवी, गाडी पावसाळ्यातही यायला हवी, आणि वर्षअखेरीस खात्यावर जमा होणाऱ्या वाहतूक भत्त्याला गाडी म्हणता येत नाही. अशी जागा नकाशा पाहून ठरत नाही. तीन वस्त्यांना एकत्र बसवून, भांडू देऊन ठरवावी लागते.

किनवटकडे यासाठी एक हत्यार आधीपासून आहे. तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम 4 मध्ये सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला देण्याची तरतूद आहे. शाळा ही सामाजिक संस्था नसेल तर दुसरी कोणती? पेसाची चर्चा आपल्याकडे तेंदूपत्ता, बांबू आणि गौण खनिजाच्या पुढे जात नाही. कमी पटाच्या शाळेचा प्रस्ताव पाठवताना त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव सोबत जोडणे बंधनकारक करायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. पुढच्या वेळी गटाचा उमेदवार रस्ता आणि सभामंडपाचे आश्वासन घेऊन तांड्यावर येईल, तेव्हा त्या परिपत्रकासाठी तो शिक्षण समितीत हात वर करणार का, हे त्याला तिथेच, पोरांसमोर विचारायला हरकत नसावी.