सणांचा भार आणि घराची घडी

आषाढ संपत आला की बडोद्याच्या मराठी घरांत एक हिशेब मनातल्या मनात मांडला जातो. दीप अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून श्रावण. त्यात नागपंचमी, मंगळागौर, शुक्रवारची जिवती. भाद्रपद लागताच गणपती आणि पाठोपाठ गौरी. पितृपंधरवडा सरतो न सरतो तोच घटस्थापना. आणि दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी. या तीन महिन्यांकडे मुले जितक्या उत्सुकतेने पाहतात, तितक्याच धास्तीने त्यांच्या आया पाहतात. ही गोष्ट आपण सहसा उघडपणे बोलत नाही. ती बोलण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

बडोद्याच्या मराठी गृहिणीचे काम पुण्या-मुंबईच्या गृहिणीहून थोडे अधिकच असते, कारण तिचे पंचांग दुहेरी आहे. नवरात्रात घरी घट आणि माळ असते, आणि रात्री मुलांना गरब्याला न्यायचे असते. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आणि फराळ आपल्या रीतीने होतो. मग बेस्तु वरसाला, म्हणजे आपल्या पाडव्याला, शेजारीपाजारी ‘साल मुबारक’ करीत येतात, तेव्हा चकली-करंजीच्या शेजारी मठिया आणि चोळाफळीही ठेवावी लागते. पुष्कळशी दुकाने लाभपंचमीपर्यंत उघडत नाहीत, म्हणून आठवड्याची बेगमी आधीच करावयाची. संक्रांतीला घरात गुळाची पोळी आणि गच्चीवर पतंगांबरोबर उंधियू. हे दुहेरी वैभव आम्हांस प्रिय आहे. दोन संस्कृतींचे ताट एकाच वेळी पुढ्यात येणे, हे या शहरात राहण्याचे भाग्यच होय. परंतु ते ताट वाढणारे हात दोनच असले, की भाग्याचेही ओझे होते. त्यातच आता बहुतेक घरांत नवरा-बायको दोघेही कामावर जातात. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली. तेव्हापासून शहराभोवती कारखान्यांचा पसारा वाढत गेला आणि पाळीची नोकरी ही अनेक कुटुंबांची नित्याची गोष्ट झाली. वडील रात्रपाळीहून परतावेत आणि आईने शाळेकडे किंवा बँकेकडे निघावे, अशा घरात पुरणावरणाचा स्वयंपाक कोणी आणि कधी करावा?

याचे उत्तर काही घरांनी शोधले आहे, आणि तेच आम्हांस चिंतेचे वाटते. ती घरे सण सोडून देऊ लागली आहेत. गौरी बसवणे थांबते, मंगळागौरीचे आमंत्रण एका संदेशापुरते उरते, मखर माळ्यावरून खाली येत नाही. यात अश्रद्धा नाही. केवळ थकवा आहे. पण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजाला हा थकवा महाग पडतो. आपल्या मुलांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची, खेळगडी गुजराती, बाजार गुजराती. मराठी उरते ती घरात, आणि घरातही मुख्यतः देवापुढे आणि ओट्याशी. चौरंग, समई, निरांजन, तबक, वस्त्रमाळ, आघाडा, पत्री हे शब्द मुलाला कोणत्याही पुस्तकातून येत नाहीत. ‘ते तबक आण रे’ असे कोणी म्हटले आणि त्याने चुकून ताम्हन आणले, की ते येतात. वस्तू माळ्यावर राहिली की तिचे नावही माळ्यावर राहते. २०१८ च्या फेब्रुवारीत एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, त्याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु संमेलन तीन दिवसांचे असते, घर वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालावे लागते.

वडीलधारी मंडळी यावर म्हणतील, ‘आमच्या वेळी हे सारे घरीच होत असे, कोणी कुरकुर केली नाही.’ होत असे, हे खरे. पण ते कोणाच्या बळावर, हेही आठवावे. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या वाड्यात एका चुलीभोवती सासू, दोन-तीन जावा, माहेरपणाला आलेली नणंद आणि एखादी आश्रित आत्या असे. करंज्या लाटायला पाच जणी, भरायला दोघी आणि तळायला एक. त्या आत्याला कुरकुर करण्याची मुभा होती काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आज सदनिकेत आई एकटी उभी राहते आणि तिने त्या सात-आठ जणींच्या मापाने फराळ करावा, अशी अपेक्षा मात्र तशीच उरली आहे. भरीला हातातल्या मोबाइलवर दुसऱ्यांच्या सजवलेल्या घरांची छायाचित्रे येतात. शेजारणीच्या घरचे मखर पूर्वी पाच घरांना दिसे. आता ते पाचशे घरांत दिसते आणि प्रत्येक घरातील बाईला आपले काही उणे आहे असे वाटू लागते.

वस्तुतः या प्रश्नाचा विचार पहिल्यांदा जेथे झाला, अशा थोड्या शहरांत बडोद्याची गणना होते. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली सहलेखकाबरोबर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्या आरंभीच्या काळातच येथे गृहविज्ञानाची शाखा निघाली आणि घर चालवणे हा पदवीच्या अभ्यासाचा विषय ठरला. घरकाम हे आपोआप होणारे काम नसून त्याला वेळ, शक्ती आणि पैसा लागतो, तो मोजता येतो आणि वाचवताही येतो, ही दृष्टी त्या शिक्षणाने दिली. या शहराने बाईसाठी बाहेरचा दरवाजा उघडला. स्वयंपाकघराचा दरवाजा पुरुषासाठी उघडणे मात्र राहून गेले.

किती राहून गेले, ते आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींचा हिशेब घेता, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. यातही मेख अशी की, ही ८८ मिनिटे जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच सरासरी आहे. आणि असे पुरुष साधारण चारांत एक निघतात. आता सणासुदीच्या दिवसांत या २८९ मिनिटांचे काय होत असेल, ते ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे.

तेव्हा घराची घडी बसवायची म्हणजे कपाटे नीटनेटकी लावणे एवढेच नव्हे. काम वर्षभर पसरवणे आणि ते घरातल्या सर्व हातांत वाटणे, यालाच आम्ही घडी म्हणतो. जुन्या रीतींकडे डोळसपणे पाहिले तर हे शहाणपण त्यांतही सापडते. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, मसाले आणि लोणची होत, ती पावसाळ्यातल्या कामाची आगाऊ वाटणी होती. दीप अमावास्येला घरातले सारे दिवे घासूनपुसून मांडले जात, ते पुढच्या तीन महिन्यांच्या पूजेची तयारी म्हणूनही उपयोगी पडे. भाजणी आणि मेतकूट हे तर आपल्या स्वयंपाकघरातले जुने तयार अन्न. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि धने एका रविवारी भाजून दळून आणले की पुढे महिनाभर कोणत्याही संध्याकाळी कांदा चिरून, पीठ भिजवून थालीपीठ लावता येते. ते बारा वर्षांच्या मुलालाही जमते.

रोजच्या जेवणाचा विचारही याच अंगाने करावा. रोज संध्याकाळी घरी परतताना ‘आज काय करावे’ हा प्रश्न जितकी शक्ती खातो, तितकी पोळ्या लाटणेही खात नाही. आठवड्याचे वार बांधून टाकावेत. एका दिवशी खिचडी-कढी, एका दिवशी थालीपीठ-लोणी, एका दिवशी पिठले-भाकरी, एका दिवशी सेव-उसळ, जी बडोद्यात पाहुण्यांनाही कमीपणाची वाटत नाही. उरलेल्या दिवशी वरण-भात, पोळी आणि बाजारात स्वस्त मिळेल ती भाजी. साध्या जेवणाला आपल्या परंपरेत कमी प्रतिष्ठा आहे असे समजण्याचे कारण नाही. कित्येक घरांत गौरी येतात त्या दिवशी त्यांना भाजी-भाकरीचाच नैवेद्य असतो. ऋषिपंचमीची भाजी म्हणजे पावसाळी भाज्या आणि कंदमुळे एका पातेल्यात शिजवलेली. मसाला जवळजवळ नाहीच. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे शीतळा सातमीला चूल पेटवीत नाहीत, रांधण छठीला केलेले अन्न थंडच खातात. चुलीला एक दिवस विश्रांती मिळते, ही कल्पना सुंदर आहे. मात्र तिच्यासाठी आदल्या दिवशी बाईला दुप्पट राबावे लागते, एवढी दुरुस्ती आता व्हावी.

स्वयंपाक येत नाही, ही सबब पुरुषांनी आणि मुलग्यांनी फार वर्षे वापरली. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली हजार पाकक्रियांचे पुस्तक काढले, त्याचे नावच ‘गृहिणीमित्र’. तेव्हा स्वयंपाकाला दुसरा कोणी असेल अशी कल्पनाही नव्हती. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याची मापे देऊन मोठेच काम केले. ‘अंदाजाने मीठ घाला’ हे वाक्य आईच्या हाताखाली शिकलेल्या मुलीलाच कळते. ‘एक चमचा मीठ’ हे कोणालाही कळते. मापात सांगितलेला पदार्थ ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाचा होतो. दिवाळीचा बहुतेक फराळ विकत आणण्यात कमीपणा मानू नये. पण एक पदार्थ घरीच करावा, आणि तो एकटीने करता येणार नाही असा निवडावा. करंजी त्यासाठी उत्तम. एकाने लाटावी, एकाने सारण भरावे, धाकट्याने कातण फिरवावे, आणि तळण वडिलांनी सांभाळावे. डझनभर करंज्या पुरेत. त्या वेळी घरात जे मराठी बोलले जाईल, ते कोणत्याही वर्गात शिकवता येणार नाही.

सजावटीचेही तसेच. घरात एक सणाची पेटी करावी. समया, निरांजने, तबक, तोरण, रांगोळीचे ठसे, चौरंगावर घालायचे वस्त्र, मखराचे सुटे भाग असे सारे तिच्यात राहावे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस प्रत्येक वस्तूचे नाव मराठीत लिहून चिकटवावे. पेटी उघडताना मुलाने यादी वाचावी आणि मिटताना पुन्हा वाचावी. पितळेची भांडी चिंच लावून घासणे, फुलवाती मोजून ठेवणे, पाटपाणी करणे, आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण ओवणे ही कामे मुलांचीच समजावीत. मखरासाठी दरवर्षी थर्मोकोल विकत आणून विसर्जनानंतर कचऱ्यात टाकण्यापेक्षा आजीची एक जरीची साडी, दोन केळीचे खुंट आणि ऋतूतील फुले पुरेशी शोभा आणतात. श्रावणात पत्री, दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पाने, चैत्रात दारापुढे चैत्रांगण: सृष्टीने सजावटीचे वेळापत्रक आपल्यासाठी आधीच लावून ठेवले आहे. सदनिकेच्या दारासमोर हातभर जागा असली तरी चैत्रांगणातील गौर, शंख, चक्र, कमळ, गाईची पावले त्यात मावतात.

शहरातील मराठी मंडळांनाही येथे काही करता येईल. हळदीकुंकू दुपारी चारला ठेवले तर नोकरी करणारी बाई येणार कशी? ते रात्री आठला ठेवावे आणि त्या वेळी घरची मुले बापाने सांभाळावीत. पाककलेच्या स्पर्धेत पुरुषांना आणि मुलांना घ्यावे, वेळेची मर्यादा एक तासाची ठेवावी आणि बक्षीस खर्चाला न देता युक्तीला द्यावे. आराशीच्या स्पर्धेतही घरात आधीपासून असलेल्या वस्तूंनी केलेल्या आराशीला पहिला मान द्यावा. मंडळांनी प्रतिष्ठेची मापे बदलली की घरांनाही ती बदलण्याचे धैर्य येते.

दीप अमावास्या तोंडावर आली आहे. त्या संध्याकाळी दिवे उजळल्यावर प्रत्येक घराने अर्धा तास एकत्र बसावे. येत्या तीन महिन्यांत आपण काय करणार, काय विकत आणणार आणि कशाला या वर्षी हात जोडणार, ते ठरवावे. आणि ठरलेल्या प्रत्येक कामापुढे एकेक नाव लिहावे. त्या कागदावर आईचे नाव जितक्या वेळा येईल तितक्याच वेळा वडिलांचे यावे, आणि मुलांची नावेही यावीत. तसे झाले तर यंदा माळ्यावरची मखरे खाली उतरतील, आणि ती मांडणाऱ्यांस आरतीला उभे राहण्याइतके त्राणही उरेल.