किती झाले?

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेला पोरगा पाच एचपीची जळालेली मोटर खोलतो. वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो, नवे वाइंडिंग भरतो, वार्निश देऊन वाळवतो. मोटर चालू होते. शेतकरी विचारतो, ‘किती झाले?’ आणि इथे गडी अडखळतो. ‘द्या काय द्यायचे ते.’ तांबे किती गेले, बेअरिंग कितीला आले, तालुक्याच्या दोन खेपांचे पेट्रोल, स्वतःची मजुरी, हा हिशेब त्याच्याकडून कुणी घोटून घेतलेलाच नसतो. मग तो एमआयडीसीत कंत्राटदाराकडे हजेरीवर लागतो, आणि मराठी पोरांना धंदा जमत नाही म्हणायला आपण मोकळे.

कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला लावायची ती इथे. सरकारी उत्साह मात्र भलतीकडेच. ‘एआय प्रोग्रामिंग असिस्टंट’ नावाचा वर्षभराचा वेगळा ट्रेड निघाला आहे. निघो बापडा! पण शेजारच्या शेडमधल्या फिटर-वेल्डरांचे काय? त्यांना ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’मध्ये उद्योजकता शिकवतात, तीही धड्यापुरती. त्याऐवजी त्याच पोराने मोबाइलवर मराठीत बोलावे, ‘एवढे सामान लागले, एवढा वेळ गेला,’ आणि नीट मांडलेले कोटेशन हातात यावे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले, तर कुठवर खाली यायचे, याचीही तालीम त्या यंत्रासमोर करता येते.

कर्जाचेही तेच. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात 15 ते 35 टक्के अनुदान आहे, पण वाट प्रकल्प अहवालावरून जाते. तो अहवाल एजंट पैसे घेऊन छापून देतो आणि अर्जदार न वाचताच सही ठोकतो. बँकेत साहेबांनी महिन्याची उलाढाल विचारली की बोबडी वळते. आता एजंटाच्या जागी चॅटबॉट आला आणि सही तशीच आंधळी राहिली, तर मिळवले काय? एजंटाचे पैसे वाचले, इतकेच.

शिवाय हे यंत्र थापाही बिनदिक्कत मारते. तांब्याचा गेल्या वर्षीचा भाव आजचा म्हणून सांगेल, नसलेली योजना नियमांसकट समजावून देईल. भाव दुकानदाराला फोन करूनच घ्यायचा आणि इन्सुलेशन मेगर लावूनच तपासायचे, हे सांगायला शिल्पनिदेशकच हवा. राज्यात अनेक ठिकाणी ती पदेच रिकामी आहेत. ती न भरता स्मार्ट क्लासरूमच्या निविदा काढणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे.

खरेदी राहू द्या. प्रात्यक्षिक परीक्षेत एक बदल करा. जॉबसोबत त्या कामाचे कोटेशनही मागा. यंत्राकडून करून आणले तरी चालेल, पण त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते परीक्षकापुढे तोंडी सांगता आले पाहिजे. नाही सांगता आले, तर मोटर फिरत असली तरी गुण कापा.