चित्रकलेचा तास वाया जातो काय?

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासाइतका गरीब तास दुसरा नाही. परीक्षा जवळ आली की तो गणितास द्यावा लागतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या परीक्षांस मुले बसतात खरी. परंतु त्यायोगे दहावीस वाढीव गुण मिळतात, एवढाच पुष्कळ पालकांचा हेतू असतो. गुण पदरात पडले की रंगांची पेटी माळ्यावर जाते. “चित्रे काढून का कोठे पोट भरते?” असे पालक विचारतात. पोटाचा विचार पालकांनी करावयाचाच. तेव्हा हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. रंगीत काचेची चित्रे घडविणारे आणि वन्य पशुपक्ष्यांची चित्रे काढणारे, अशा दोन प्रकारच्या कलावंतांकडे पाहून त्याचे उत्तर शोधावे, असे आम्हांस वाटते.

ज्यांचे मुंबईस जाणेयेणे असते त्यांनी कुलाब्याचे अफगाण चर्च मुलांस एकदा दाखवावे. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या ह्या मंदिराचे समर्पण १८५८ साली झाले. त्याच्या खिडक्यांची चित्रे इंग्लंडातील विल्यम वेल्स ह्यांची आहेत. अशी खिडकी म्हणजे साध्या काचेवर फासलेला रंग नव्हे. काच वितळलेली असतानाच तीत धातूंची द्रव्ये मिसळतात. कोबाल्टने ती निळी होते, सोन्याच्या अंशाने माणकासारखी तांबडी. मग आराखड्याबरहुकूम तुकडे कापावयाचे, चेहरे व वस्त्रांच्या चुण्या रेखून ते भट्टीत भाजावयाचे, आणि शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून सांधावयाचे. एक तुकडा जरा मोठा झाला तर शेजारचा बसत नाही. शंभराहून अधिक वर्षांनी शिसे थकते व खिडकीस फुगवटा येतो. तेव्हा ती उतरवून, तुकडा न् तुकडा स्वच्छ करून, पुन्हा नव्या शिशात बसवावी लागते. मुंबईच्या जुन्या इमारतींतील काचांचा असा जीर्णोद्धार श्रीमती स्वाती चांदगडकर ह्यांनी केला आहे. हे काम जाणणारे हात आपल्याकडे फार थोडे आहेत, आणि काम मात्र पुष्कळ पडले आहे.

मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात एका मोठ्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशींची काचचित्रे आहेत. त्यांत मेंढा, बैल, सिंह, विंचू आहेत. पण तेथे प्राणी केवळ खूण म्हणून येतो. रानातील जीव रंगविणाऱ्यास एवढी मोकळीक नाही. त्याचे एक पीस चुकले तर पक्षीच निराळा होतो. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियाचा पांढरा क्रौंच रंगविला. युरोपातील शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्यास नाव दिले ते त्यानंतर दीडशे वर्षांनी, १७७३ साली. हाच क्रौंच हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरला येत असे. २००२ सालानंतर तो तेथे आलेला नाही. मन्सूरचे चित्र मात्र आहे.

आपल्याच जिल्ह्यात किहीम येथे सालिम अली ह्यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ साली निघाले, आणि त्यातील चित्रांवरून कित्येक साधी माणसे पक्षी ओळखू लागली. आता छायाचित्रे असता चित्रकार कशास, असे कोणी म्हणेल. छायाचित्र एका क्षणाचा, एका उजेडातला एकच पक्षी दाखविते. चित्रकार अनेक पक्षी पाहून नर, मादी व पिल्लू एकाच पानावर असे मांडतो की त्यांतील भेद चटकन कळावा. म्हणून पक्ष्यांच्या ग्रंथांत कार्ल डिसिल्वांसारख्या चित्रकारांची गरज अद्यापि आहे.

आता आमच्या लोधिवलीकडे पाहू. चित्र काढावयास सांगितले की मुले दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक झोपडी व चार उडत्या रेघा काढतात. खरे प्रबळगड आणि इर्शाळगड जवळच उभे आहेत आणि ते त्रिकोणी नाहीत! पाताळगंगेच्या काठी खंड्या बसतो, पांगारा फुलला की त्यावर पाखरांची गर्दी होते, आणि १९६८ पासून राखलेले कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्यही दूर नाही. इकडे रस्त्याच्या दोहों बाजूंस रोज नवे बांधकाम उठत आहे. आज आमच्या मुलांनी जे पाहून ठेवले नाही, ते उद्या त्यांच्या मुलांस पाहावयास मिळेलच असे नाही.

पोट भरते काय? थोड्यांचे भरते, आणि तेही पुष्कळ वर्षांच्या मेहनतीनंतर. हे आम्ही लपवीत नाही. परंतु ज्या मुलाच्या हातास ही देणगी आहे त्याची वाट केवळ भयापोटी अडवू नये. आणि ज्यास ती नाही, त्यासही नीट पाहावयास शिकणे चुकत नाही. आकाशातील पाखरांकडे लक्ष लावून पाहा, असे प्रभू येशूने शिष्यांस सांगितले. ते सांगताना त्यातून कमाई किती, हे त्याने सांगितले नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच की, रंगांची पेटी माळ्यावरून खाली काढावी. आठवड्यातून एक तास मुलास वहीसह अंगणात किंवा बांधावर बसू द्यावे, आणि समोर जे दिसते तेच काढण्यास सांगावे. शाळेनेही चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयास देऊ नये. गणित आम्हांसही प्रिय आहे. पण त्यास त्याचे तास पुरेसे आहेत.