तिकीट वसूल झालं, पण लेकराचं काय?

भीमजयंती झाली, परीक्षा संपल्या, की कुपवाडच्या आपल्या वस्त्यांमध्ये एकच विषय निघतो : यंदा पोरांना कुठं न्यायचं? पूर्वी उत्तर सोपं होतं. मामाच्या गावाला, नाहीतर सांगलीच्या आमराईत. आता पोरं मोबाइलवर सगळं बघतात. खोपोलीजवळचं इमॅजिका त्यांना माहीत आहे, वॉटर पार्कच्या घसरगुंड्या माहीत आहेत. मग भिशीचे पैसे निघतात, गल्लीतली पाच-सहा घरं मिळून गाडी ठरवतात आणि मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी रात्री निघतात. पेठनाका, कऱ्हाड, सातारा, पुणे करत तीनशेच्या आसपास किलोमीटर. रविवारी दिवसभर पार्क, रात्री परत, सोमवारी एमआयडीसीत कामावर हजर.

आपल्यातलेच काही शिकलेले लोक यावर नाक मुरडतात. एवढ्या पैशांत पुस्तकं आली असती म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. पुस्तकं हवीतच, पण हुंदडणंही हवं. पाण्यात उतरण्याचा हक्क आपल्याला कुणी सहज दिलेला नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं, तो रायगड जिल्हा आणि हे खोपोलीही त्याच जिल्ह्यात. आज आपलं लेकरू तिथल्या तलावात सगळ्यांच्या लेकरांबरोबर डुंबतं आणि त्याला कुणी जात विचारत नाही, हे बघून आमच्यातल्या एका आजीबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. तेव्हा सहलीला जाऊच नका, असं सांगायला आम्ही हे लिहीत नाही. आमचं भांडण आहे ते ‘पैसे वसूल’ या शब्दाशी.

आधी आमची चूक सांगतो. वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आम्ही बायकाही अशाच एका सहलीला गेलो होतो. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. दार उघडायच्या आधीच आम्ही रांगेत. एवढं तिकीट काढलंय म्हटल्यावर बंद होईपर्यंत हलायचं नाही, असं ठरलेलं. बरोबर दीड वर्षाचं एक बाळ होतं. त्याच्या आईनं आदल्या रात्रीपासून पाणी तोंडाला लावलं नव्हतं. का, ते प्रत्येक बाईला माहीत आहे. वाटेत संडासाला कुठं जायचं? आई पाणी पीत नाही, म्हणून बाळालाही पाजायचं लक्षात राहत नाही, आणि अंगावरचं दूधही अशा दिवशी कमी पडतं. दुपारी बारानंतर बाळ किरकिर करायला लागलं. आम्ही त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत रांगेत उभ्या राहिलो. दोनच्या सुमाराला ते गप्प झालं. सगळ्यांना बरं वाटलं. झोपलं बिचारं, असं आम्हीच म्हणालो, आणि आमच्यात तर नर्सिंग शिकलेल्याही होत्या.

ते झोपलेलं नव्हतं. सकाळी बांधलेलं लंगोट दुपारी तीनला कोरडं होतं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग सावलीत नेऊन, कपडे काढून, ओल्या फडक्यानं अंग पुसत चमच्या-चमच्यानं ओआरएस पाजलं. संध्याकाळी बाळ हसलं. पण रात्री गाडीत जुलाब सुरू झाले आणि सकाळी घरी न जाता थेट दवाखाना गाठावा लागला. दोन दिवस सलाईन, आईबापांचे दोन खाडे. हिशोब केला तर वसूल काय झालं?

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. वजनाच्या मानानं त्याच्या अंगाची कातडी जास्त असते, म्हणून ते लवकर तापतं. घामही त्याला आपल्याएवढा येत नाही, आणि तहान लागली हे सांगता येत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला भर उन्हात उघड्या मैदानावर बसून 14 जणांचा जीव गेला, ती तर मोठी माणसं होती. वॉटर पार्कमध्ये वेगळाच घोटाळा होतो. पोरगं पाण्यात आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण अंगावरचं पाणी पोटात जात नाही. दिवसभर पाण्यात असलेली पोरंही कोरडी पडतात. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हातपाय आपटून ओरडत नाही, ते गुपचूप खाली जातं. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको.

बाळ सहा तास लघवीला झालं नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, सुस्त पडलंय, हाक मारली तर नीट बघत नाही, यातलं काहीही दिसलं की सहल तिथंच संपली असं समजा. अंग भाजतंय आणि मूल बरळतंय किंवा झटका आला, तर ओल्या कापडानं अंग पुसत, वारा घालत 108 ला फोन करा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

ओआरएसची पुडी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळते. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी अर्धी नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या नावानं विकली जायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध अनेक वर्षं भांडल्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली. जुलाब लागलेल्या मुलाला असलं गोड पेय दिलं तर जुलाब वाढतात. आणि ज्याला जुलाब सुरू आहेत त्या मुलाला वॉटर पार्कच्या पाण्यात उतरवू नका. बाकीची शंभर पोरं तेच पाणी गिळत असतात.

गर्दीत पोरं हरवतात, त्याचाही एक किस्सा. जयंतीच्या मिरवणुकीतल्या उरलेल्या निळ्या टोप्या आम्ही सगळ्या पोरांना घातल्या होत्या. दुपारी मोजल्या, तेवीस भरल्या. पण एक टोपी भलत्याच गावच्या पोरानं मागून घेतली होती आणि आमचं एक पोरगं आइस्क्रीमच्या गाड्यापाशी रडत उभं होतं. तेव्हापासून आम्ही टोप्या मोजत नाही, पोरांची नावं घेतो. मुलाच्या हातावर पेनानं मोबाइल नंबर लिहितो, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या प्रत्येकाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढतो.

आता जे खरं सांगायचं आहे ते. मोठ्या पार्कांमध्ये तिकीट आणि पाळणे वयावर नसतात, उंचीवर असतात. पाळण्याजवळ पट्टी असते, तिच्या वर डोकं गेलं तर आत, नाहीतर बाहेर. ती पट्टी बरोबरच आहे, कारण बुटक्या मुलाला अडकवण्याचा पट्टा नीट बसत नाही. पोराला टाचा उंच करून उभं करणारे, चपलेखाली चप्पल घालणारे बाप आम्ही पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. पण त्या पट्टीपाशी आम्हाला दुसरंच दिसलं. आमच्याबरोबरच्या पाच वर्षांच्या एका मुलीला परत पाठवलं, आणि पुढच्या सोसायटीवाल्यांची चार वर्षांची मुलगी आत गेली. आमची पोरगी रडली. आईनं समजूत घातली, आपण बुटकेच असतो गं.

नाही बाई, आपण बुटके नसतो. नीट वाढलेल्या पाच वर्षांच्या मुलीची उंची साधारण 109 सेंटिमीटर असते. ती शंभराच्या खाली असेल तर तिला वाढ खुंटलेली म्हणतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं अशी खुंटलेली निघाली. हे रक्तातून येत नाही. गरोदरपणी आईच्या अंगात रक्त नसणं, बाळाचं जन्माचं वजन कमी असणं, पहिल्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा होणारे जुलाब, ताटात अंडं-डाळ नसणं, गटाराला खेटून असलेला नळ, यातून येतं. यात आईचा दोष काढणाऱ्याला आम्ही उंबऱ्याच्या आत घेत नाही. आठव्या महिन्यापर्यंत कारखान्यात उभी राहणारी बाई आणखी काय करणार? दोन वर्षांनंतर गेलेली उंची फारशी भरून निघत नाही, म्हणून हे मोजायचं ते पार्कच्या दारात नाही, अंगणवाडीत, आणि पोरगं रांगत असतानाच. पण अंगणवाडीत वजन होतं आणि उंची राहून जाते, आपणही विचारत नाही. तिकीट काढताना बोटभर उंचीसाठी भांडतो, तसं इथं भांडायला हवं.

यंदा आमच्या विहारातल्या बायकांनी ठरवलंय, पाच वर्षांखालची मुलं रात्रीच्या गाडीनं लांबच्या पार्कला न्यायची नाहीत. त्यांना सकाळी सातला आमराईत न्यायचं आणि दहाच्या आत घरी. मोठ्यांची सहल मे सोडून, आणि रविवार सोडून. दुपारी बारा ते चार सावलीत बसायचं, रांगेत उभं राहायचं नाही, मग दोन पाळणे कमी झाले तरी चालतील. गोवराच्या लसीचे दोन्ही डोस झालेत का, ते कार्ड बघूनच मुलाचं नाव घ्यायचं. बाळाचं खाणं आणि औषध आत नेऊ देतात का, हे आधी फोन करून विचारायचं. गाडी दर दोन तासांनी बायकांना जाता येईल अशा ठिकाणी थांबेल, हे भाडं ठरवतानाच ड्रायव्हरला सांगायचं. यावर पुरुष मंडळी थोडी कुरकुरली. उशीर होईल म्हणाली. होऊ दे.

महापालिका 1998 मध्ये झाली. तिच्या नावात सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाडही आहे. वस्तीतल्या पोराला चालत जाता येईल अशी सावलीची, पाण्याच्या नळाची, संडास असलेली बाग आमच्या गल्ल्यांच्या जवळ हवी, असा अर्ज आम्ही तयार करतो आहोत. त्यावर सह्या हव्यात. त्याच दिवशी, येत्या रविवारी सकाळी नऊला, वंदना झाल्यावर विहारात पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांची उंची मोजणार आहोत. भिंतीवर पट्टी लावून ठेवली आहे. येताना लसीकरणाचं कार्ड आणा, आणि मुलाच्या पायातली चप्पल दारातच काढा.